अहाब कोण, एवढे सांगून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘मोबी-डिक’वर पानभर मजकूर आला. १३५ प्रकरणे आणि वर एक उपसंहार असलेल्या, १८५१ सालच्या अमेरिकी कादंबरीला मराठी दैनिकाने एवढी जागा दिली, याचा आनंद आहे. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान अहाब सूडासाठी त्याच्यामागे जहाज घेऊन निघतो, आणि जहाजावरचा एक खलाशी ती हकिकत सांगतो, अशी ही गोष्ट. पत्र लिहितो आहे ते त्या मजकुराच्या तळाशी असलेल्या चौकटीबद्दल. तीत बायबलमधली सहा नावे होती आणि प्रत्येकापुढे एक ओळ: इस्माईल – भटक्या, अहाब – दुष्ट राजा, एलिजा – भविष्य सांगणारा, जोना – ज्याला देवमाशाने गिळले तो, रेचेल – मुलांसाठी रडणारी आई, जोब – सोशिक माणूस.

जोनाची ओळ सोडली तर यातली एकही तशी खोटी म्हणता येणार नाही. तरीही चौकट कापून पुस्तकात खूण म्हणून ठेवणाऱ्याचे नुकसानच होईल. कादंबरीचा लेखक हर्मन मेलव्हिल बायबलातले नाव उसने घेतो, पण गोष्ट जशीच्या तशी चालवत नाही. मूळ गोष्टीतला राजा जिथे वरमतो तिथे याचा कप्तान वरमत नाही. मूळ संदेष्टा ज्याच्यासमोर उभा राहतो त्याच्यासमोर याचा संदेष्टा कधी येतच नाही. संदर्भाचा अर्थ या फरकात असतो, आणि फरक दिसायचा तर मूळ उतारा शेवटपर्यंत वाचलेला हवा. तो फार लांबही नाही.

आधी नावांचे पाहू. मराठी बायबलात जोब, जोना, रेचेल, एलिजा अशी माणसेच नाहीत. तिथे ती ईयोब, योना, राहेल आणि एलीया आहेत. इंग्रजी उच्चारावरून नाव लिहिले की उत्सुक वाचक अनुक्रमणिका चाळतो, ‘जोब’ नावाचे पुस्तक सापडत नाही म्हणून मिटून ठेवतो. बडोद्यात आणखी एक घोळ असतो. गुजराती बायबलात ईयोबाचा अयूब होतो आणि योनाचा यूना, त्यामुळे शेजाऱ्याला विचारले तर तिसरेच नाव हाती येते. विल्यम कॅरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. इतकी जुनी परंपरा घरात असताना मराठी लेखात ‘जोब’ कशाला? नावापुढे पुस्तक, अध्याय आणि ओवीचा आकडा दिला की काम झाले; अर्थ सांगण्याची घाई नको.

इस्माईलचे प्रकरण अधिक नाजूक आहे. इस्माईल हे आपल्या गल्लीतले नाव आहे आणि त्यामागे इस्लामी परंपरेतला आदर आहे. कुर्बानीच्या कथेतला मुलगा तोच, असे मुसलमान बहुतेक मानतात. बायबलात मात्र वेदीवर चढवला जातो तो इसहाक, आणि इश्माएल हा हागार या दासीचा, घराबाहेर काढलेला मुलगा. मेलव्हिलच्या निवेदकाने जे नाव घेतले ते या दुसऱ्याचे. मराठीत ‘इस्माईल’ लिहिले की मानाचा वारस डोळ्यांसमोर येतो, ‘इश्माएल’ लिहिले की हाकललेला पोर. दोन अक्षरांच्या फेराने कादंबरीचे पहिले वाक्य बदलते.

ते पहिले वाक्यही ‘माझे नाव इश्माएल’ असे नाही. ‘मला इश्माएल म्हणा’ असे आहे. खरे नाव काय ते तो सांगत नाही. हे नाव त्याने निवडलेले आहे. का निवडले, ते बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातले १६ आणि २१ हे दोन अध्याय वाचल्याशिवाय कळत नाही. सोळाव्यात देवदूत सांगतो की याचा हात सगळ्यांवर उठेल आणि सगळ्यांचा याच्यावर. ‘भटक्या’ हा अर्थ तिथून काढलेला असावा. पण खरी गोष्ट एकविसाव्यात आहे. रानात मशकीतले पाणी संपते, आई पोराला झुडपाखाली टाकून दूर जाऊन बसते, आणि देव मुलाचा आवाज ऐकतो. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’. मग विहीर दिसते आणि पोर वाचते. बायबलातला इश्माएल पाण्यावाचून मरता मरता पाण्यामुळे वाचला. कादंबरीतला पाण्यात मरता मरता एका शवपेटीमुळे वाचतो. पहिल्याच ओळीत नाव सांगून लेखकाने आपला शेवट उघड केला आहे, पण तो फक्त एकविसावा अध्याय वाचलेल्यालाच दिसतो.

हा निवेदक धर्मग्रंथ कसे वापरतो, हे तपासायची सोय मराठी वाचकाला अमेरिकी वाचकापेक्षा जास्त आहे, कारण तो आपल्याही पुराणांत शिरतो. ५५व्या प्रकरणात तो देवमाशांच्या चुकीच्या चित्रांची यादी देताना थेट घारापुरीला येतो. तिथल्या लेण्यात विष्णूचा मत्स्यावतार कोरलेला आहे, अर्धा माणूस अर्धा मासा, पण शेपूट मात्र अजगरासारखी निमुळती काढून शिल्पकाराने घोटाळा केला, असे तो म्हणतो. घारापुरीचे मुख्य लेणे शिवाचे. सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर ही तिथली शिल्पे मुंबईची सहल केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. पुढे ८२व्या प्रकरणात तो मत्स्यावताराची कथाच सांगतो: प्रलयानंतर सृष्टी पुन्हा रचायची होती, वेद पाण्याच्या तळाशी पडले होते, म्हणून ब्रह्मदेवाने विष्णूला जन्म दिला आणि विष्णूने देवमाशाच्या रूपात बुडी मारून ग्रंथ वर आणले. इथे आपल्याकडचे शाळकरी पोरही हात वर करील. विष्णूच्या नाभिकमळातून ब्रह्मदेव, की उलटे? लगेच निवेदक निष्कर्ष काढतो: घोड्यावर बसतो तो घोडेस्वार, तर देवमाशात शिरला तो विष्णू देवमासेवाला नव्हे काय? पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, योना आणि विष्णू अशी आपल्या धंद्याची वंशावळ तो ठेवून देतो.

हे अज्ञान आहे की थट्टा? माझ्या मते दोन्ही, आणि थट्टा जास्त. शेपटीचा आकार मोजणारा, खलाशाच्या डोळ्याने शिल्प तपासणारा हा माणूस कोणत्याही पोथीपुढे हात जोडून उभा राहत नाही. आपल्या अंगणात तो काय करतो हे दिसल्यावर बायबलच्या अंगणातही तो तेच करत असणार, हे धरून चालायला हरकत नाही. पुरवणीतल्या लेखात या दोन प्रकरणांचा उल्लेखही नव्हता, याचे थोडे वाईट वाटले. मराठी वाचकाला आत घेणारा दरवाजा हाच होता.

आता योना. योनाच्या पुस्तकात देवमासा नाहीच. तिथे ‘मोठा मासा’ आहे (योना १:१७). ‘व्हेल’ हा शब्द १६११च्या इंग्रजी बायबलात मत्तय १२:४० या ठिकाणी येतो आणि तिथून तो सगळ्यांच्या डोक्यात बसला. मराठीत ‘देवमासा’ म्हटल्यावर त्यात देव आपोआप येऊन बसतो, पण तो आपल्या भाषेचा देव आहे, मेलव्हिलने ठेवलेला नव्हे. त्यावर कुणी प्रबंध लिहू नये म्हणून आधीच सांगितले. कादंबरीत योनाची कथा येते ती ९व्या प्रकरणात, फादर मॅपल यांच्या प्रवचनात. योनाचे पुस्तक चार अध्यायांचे, एकूण ४८ ओव्यांचे. चहा गार व्हायच्या आत वाचून होते. ते वाचून मगच प्रवचन वाचावे, म्हणजे मॅपलने काय घातले आणि काय गाळले ते दिसते. बायबलात योना याफोच्या बंदरात भाडे देऊन तार्शीशच्या गलबतावर चढतो, इतकेच. मॅपलच्या प्रवचनात कप्तान त्याच्या थैलीचा अंदाज घेतो आणि तिप्पट भाडे मागतो. योना मुकाट्याने देतो, आणि कप्तान ओळखतो की हा पळपुटा आहे. बायबलात योना तळघरात जाऊन झोपतो. मॅपल त्या कोठडीत एक टांगता दिवा लावतो. जहाज कलते, दिवा मात्र सरळ लोंबतो, आणि त्यामुळे भिंती आणि जमीन किती वाकड्या आहेत ते कळते. प्रवचनातली सर्वांत चांगली जागा ही, आणि ती बायबलात नाही.

गाळले ते त्याहून महत्त्वाचे. निनवे शहर पश्चात्ताप करते, देव त्याला सोडून देतो, आणि याचा योनाला राग येतो, हे सगळे तिसऱ्या-चौथ्या अध्यायात आहे. पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर: उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे असलेल्या शहराची मी कीव करू नये काय? मॅपल इथवर येतच नाही. योनाने असत्याच्या तोंडावर सत्य सांगितले, एवढ्यावर तो थांबतो. कीव गाळलेले हे प्रवचन ऐकून पुढे जहाज निघते, आणि त्या जहाजाचा कप्तान एका माशालाही क्षमा करू शकत नाही. ‘ज्याला देवमाशाने गिळले तो’ या ओळीने यातले काय हाती लागले?

अहाबाकडे येतो. इथे जास्त वेळ घालवणे भाग आहे.

हे नाव ठेवणे म्हणजे पोराचे नाव रावण ठेवणे. आपल्याकडे राम, लक्ष्मण, बिभीषणसुद्धा सापडेल, रावण सहसा नाही. कादंबरीलाही हे ठाऊक आहे. १६व्या प्रकरणात इश्माएल म्हणतो की तो राजा तर नीच होता, मेल्यावर कुत्र्यांनी त्याचे रक्त चाटले. त्यावर जहाजाचा एक मालक पेलेग घाईने त्याला गप्प करतो: जहाजावर हे बोलू नकोस, कप्तानाने स्वतःचे नाव स्वतः ठेवलेले नाही, त्याच्या वेडसर विधवा आईची ती लहर. म्हणजे पात्रांनाच संदर्भ माहीत आहे आणि त्याची त्यांना भीती वाटते. असा संदर्भ टीपेत ‘दुष्ट राजा’ म्हणून उलगडून देण्यात काय हशील? तो मजकुरातच उलगडलेला आहे.

मजकुरात नसलेले शोधायला बायबलातले १ राजे (राजांचे पहिले पुस्तक) १६:२९ पासून २२:४० पर्यंत वाचावे. सात अध्यायांचा हा पल्ला सलग वाचला तर तासाभराचा. त्यात चार गोष्टींवर बोट ठेवावे.

एक म्हणजे २२:३९. राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या कारकिर्दीची बेरीज करताना त्याने बांधलेल्या हस्तिदंती मंदिराचा, म्हणजे महालाचा, उल्लेख येतो. कप्तानाचा एक पाय देवमाशाच्या जबड्याच्या हाडाचा आहे आणि ‘पेक्वॉड’ जहाजाच्या कठड्यावर स्पर्म व्हेलचे दात बसवलेले आहेत, सुकाणूचा दांडा जबड्यातून कोरलेला आहे. राजाचे हस्तिदंती घर इथे तरंगते झाले आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो, मराठीत अडचण होते: हस्तिदंत म्हटले की हत्ती आला, आणि ‘हाडाचा पाय’ म्हटले की राजाचे मंदिर गेले. भाषांतरकाराने निदान ‘दंती पाय’ असे काहीतरी धरून ठेवावे. ओढूनताणून वाटेल, पण दुवा राहील.

दुसरी गोष्ट एलीया. बायबलात तो राजाच्या तोंडावर येतो. राजाने नाबोथ नावाच्या माणसाचा मळा बळकावल्यावर एलीया त्या मळ्यातच त्याला गाठतो. कादंबरीतला एलीया फाटक्या कपड्यांचा, देवीच्या वणांचा, धक्क्यावर भटकणारा माणूस. तो कप्तानाला भेटतच नाही. इश्माएल आणि त्याचा भालेकरी मित्र क्विकेग यांना गाठतो, तेही त्यांनी करारावर सह्या केल्यानंतर, आणि बोलतो तेही अर्धवट. इशारा ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि ज्यांना मिळतो त्यांना परत फिरता येत नाही. याला नुसते ‘भविष्य सांगणारा’ म्हटले की सगळा विनोद आणि सगळी भीती निघून जाते.

तिसरी गोष्ट बहुतेक याद्यांत नसते. एलीयाचा शाप ऐकल्यावर राजा अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो, आणि देव शिक्षा त्याच्या मुलाच्या काळापर्यंत पुढे ढकलतो (२१:२७-२९). म्हणजे दुष्ट राजालाही वरमता आले. याच्या शेजारी कादंबरीचे १३२वे प्रकरण ठेवा. शांत सकाळ, कप्तान कठड्याशी उभा, त्याच्या डोळ्यातून एक थेंब समुद्रात पडतो. जहाजाचा पहिला अधिकारी स्टारबक त्याला घराची, बायको-मुलाची आठवण करून देतो. एक क्षण वाटते की हा फिरणार. पण तो नजर वळवतो. स्टारबक निघून जातो. कप्तान दुसऱ्या बाजूला जाऊन पाण्यात पाहतो तर तिथे फेदल्ला या त्याच्या गूढ भालेकऱ्याचे डोळे उमटलेले. गोणपाटाची जागा मोकळी राहिली. ज्याने राजाचा हा अध्याय वाचलेला नाही त्याला ती मोकळी जागा जाणवणार नाही.

चौथी, लढाईपूर्वीचे संदेष्टे. रामोथ-गिलादवर चाल करावी का, असे राजा सुमारे चारशे संदेष्ट्यांना विचारतो. सगळे म्हणतात, जा, यश तुझेच. एकटा मीखाया सांगतो की यांच्या तोंडी खोटे बोलणारा आत्मा घातलेला आहे. राजा वेष पालटून लढाईत उतरतो आणि कुणी तरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यातून शिरतो. आता फेदल्लाचे भाकीत पाहा (प्रकरण ११७): मरण्यापूर्वी तुला समुद्रावर दोन शवगाड्या दिसतील, पहिली माणसाच्या हातची नसलेली, दुसरीचे लाकूड अमेरिकेत वाढलेले, आणि तुला मारील ते फक्त तागाचे सूत. कप्तान हसतो. ताग म्हणजे फाशीचा दोर, मग समुद्रावर मी अमरच की! शेवटी देवमाशाला जखडलेले फेदल्लाचे प्रेत ही पहिली गाडी ठरते, बुडणारे जहाज दुसरी, आणि भाल्याचा दोर गळ्यात अडकून कप्तान गडप होतो. शेक्सपिअर वाचलेला माणूस इथे लगेच ‘मॅकबेथ’ म्हणतो: चालत येणारे वन, आईच्या पोटी न जन्मलेला माणूस. बरोबर आहे. पण शेक्सपिअरशी तो थांबतो आणि मीखाया सुटतो. मेलव्हिलने दोन्ही धागे एका दोरात वळले आहेत: चेटकिणींकडून भाकिताची भाषा घेतली आणि राजाकडून भाकीत ऐकण्याची हाव. राजाचे रक्त कुत्र्यांनी चाटले. शेवटच्या दिवशी कप्तानाच्या होडीमागे वल्ह्यांना चावत शार्कांचा घोळका लागतो. ही कुत्र्यांचीच जागा असावी असे मला वाटते, पण इथे मजकूर काही बोलत नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

फेदल्लावरून एक बडोदेकर आक्षेप नोंदवतो. कादंबरी त्याला ‘पारशी’ म्हणते. काळ्या सुती चिनी जाकिटातला, स्वतःच्या पांढऱ्या केसांचीच वेणी डोक्याला पागोट्यासारखी गुंडाळलेला, ओठातून एक दात बाहेर आलेला हा माणूस खलाशांना सैतान वाटतो. नवसारी बडोदे संस्थानचा प्रांत होता आणि दादाभाई नौरोजी १८७४ साली इथले दिवाण होते. पारशी कसा असतो हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. फेदल्ला हे नावही अरबी वळणाचे, पारशी घरातले नव्हे. इथे मेलव्हिलला माणूस नको होता. अग्नीची उपासना करणारा पूर्वेकडचा कुणी तरी हवा होता, म्हणजे ११९व्या प्रकरणात कप्तानाला विजेच्या ज्वालांपुढे उभे राहून ‘मीही एके काळी पारसिकासारखी तुझी पूजा केली’ असे म्हणता येईल. हा संदर्भ कच्चा आहे आणि कच्चा आहे असे लिहायला कुणाची भीड बाळगू नये. मोठ्या कादंबरीतली प्रत्येक वीट भाजलेली नसते.

राहेलचा उल्लेख चौकटीत निम्माच आला. यिर्मया ३१:१५ मध्ये राहेल मुले नाहीशी झाली म्हणून रडते. मत्तय २:१८ मध्ये ती ओवी पुन्हा येते. १२८वे प्रकरण याच शब्दांवर संपते, कारण ‘राहेल’ जहाजाच्या कप्तानाचा मुलगा समुद्रात हरवला आहे आणि अहाबाने शोधात मदत करायचे नाकारले आहे. पण यिर्मयात लगेच पुढच्या दोन ओव्यांत देव तिला म्हणतो, रडू नकोस, तुझी मुले परत येतील. कादंबरीच्या अगदी शेवटच्या वाक्यात ‘राहेल’ खरोखरच एका बुडत्याला उचलते. तो तिचा मुलगा नव्हे, दुसराच पोरका. वचन पाळले गेले, पण ज्याला दिले त्याच्यासाठी नव्हे. या दोन ओव्या, १६ आणि १७, वगळल्या तर तो शेवट नुसता योगायोग वाटतो.

वाटेत भेटणाऱ्या नऊ जहाजांपैकी एक ‘युंगफ्राउ’, म्हणजे ‘कुमारी’. तिचा कप्तान तेलाचे भांडे घेऊन उसने तेल मागायला येतो. मत्तय २५:१-१३ मधल्या तेल संपलेल्या मूर्ख कुमारींची ही गंमत आहे. फरक इतकाच की तिथे शहाण्या कुमारी तेल देत नाहीत, इथे खलाशी देऊन टाकतात. मजकुरात बायबलचे नावही नाही. याउलट पीटर कॉफिन या खाणावळवाल्याच्या नावात शवपेटी शोधायला जाणाऱ्याला निवेदकच सांगतो की हे नँटकेट या अमेरिकी बेटावरचे सर्रास आडनाव आहे. पेलेग, बिल्दद अशी बायबलातली नावे ठेवणे हीही त्या बेटावरची नेहमीचीच रीत, असे तो म्हणतो. बिल्दद हा ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक, दुःखितापुढे प्रवचन झोडणारा. पैशाला चिकट आणि तोंडी सतत धर्म असलेल्या जहाजमालकाला ते नाव शोभते. पेलेगमधून मात्र मला काही निघताना दिसले नाही. नाव बायबलातले आहे एवढ्यावर संदर्भ ठरत नाही; त्या नावामागच्या उताऱ्यातले आणखी काही तरी, एखादी वस्तू, कृती किंवा शब्द, मजकुरात आले पाहिजे.

ईयोब हे सर्वांत मोठे काम, म्हणून शेवटी. ‘सोशिक माणूस’ या ओळीशी कादंबरीला जवळजवळ काही कर्तव्य नाही. तिला हवा आहे ४१वा अध्याय, जिथे देव वावटळीतून विचारतो: लिव्याथानाला, म्हणजे समुद्रातल्या महाकाय प्राण्याला, गळाने ओढशील काय, त्याच्या कातडीत भाले रोवशील काय? देवमासे मारणारे गाव म्हणजे या प्रश्नाला ‘हो, रोज’ असे उत्तर देणारे गाव. ८१व्या प्रकरणात ही गंमत कडवट होते. आंधळा, एक पर तुटलेला म्हातारा देवमासा तीन बारीक दोरांवर लटकलेला असताना निवेदक ईयोबाच्याच ओव्या म्हणतो आणि विचारतो, हाच का तो प्राणी? मग त्याला मारून जहाजाला बांधतात, आणि तो सगळ्यांना कलंडवत तळाशी जातो. तेलाचा थेंब मिळत नाही.

उपसंहाराच्या माथ्यावरची ओळ ईयोबाच्या पहिल्या अध्यायातली. एकामागून एक चार निरोपे येतात, प्रत्येक जण नवे संकट सांगतो आणि प्रत्येकाचे शेवटचे वाक्य तेच: तुला सांगायला मी एकटाच वाचलो. इश्माएल हा पाचवा निरोप्या. मग ईयोब कोण? जहाजावर तर कुणी उरले नाही. निरोप ज्याच्या दारात आला तो ईयोब, म्हणजे पुस्तक हातात धरलेला वाचक. ‘मला इश्माएल म्हणा’ हे वाक्य कुणाला उद्देशून होते, ते १३५ प्रकरणांनंतर कळते.

या एका ओळीवर किती भार आहे ते कादंबरीच्या पहिल्याच आवृत्तीत दिसले. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला ती तीन भागांत ‘द व्हेल’ या नावाने निघाली तेव्हा उपसंहार छापलाच गेला नव्हता, आणि कादंबरीच्या सुरुवातीला दिलेले देवमाशांबद्दलचे उतारे तिसऱ्या भागाच्या शेवटी टाकले होते. समीक्षकांनी विचारले, सगळे बुडाले तर गोष्ट सांगतो कोण? नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या आवृत्तीत उपसंहार होता, पण इंग्लंडमधले शेरे तोवर छापून झाले होते.

मराठीत या कादंबरीचे संक्षेप करणाऱ्यांनी म्हणून सुरुवातीचे उतारे आणि शेवटचे पान या दोन ठिकाणी कात्री लावू नये. टीपा प्रकरणाच्या शेवटी द्याव्यात, पानाच्या तळाशी नकोत. नाही तर १६व्या प्रकरणातच १३५व्याचा निकाल फुटतो. आणि कुणी ‘मराठी वाचकाला जवळचे’ म्हणून अहाबाचा दुर्योधन आणि इश्माएलचा कर्ण करू नये. दुर्योधन शेवटपर्यंत वरमत नाही. मग राजाच्या गोणपाटाचे काय करणार?

वाचनाचा क्रम विचाराल तर असा: सुरू करण्याआधी उत्पत्ती १६ आणि २१. नवव्या प्रकरणाआधी योना. सोळाव्यानंतर १ राजे २१व्या अध्यायापर्यंत, पण २२वा राखून ठेवावा तो ११७व्या प्रकरणानंतर. ईयोब १, २ आणि ४१ हे ८१व्याच्या आसपास. यिर्मयाच्या तीन ओव्या अगदी शेवटी, पुस्तक मिटल्यावर.

पुढच्या वेळी चौकट करणार असाल तर अर्थाचा रकाना रिकामा ठेवून तिथे हे आकडे छापावेत, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा